बूट उतरवल्यानंतरची पहिली दोन वर्षं

फुटबॉलच्या व्यावसायिक सामन्यात गोलकीपर सोडला तर प्रत्येक खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर धावतो. हे धावणं सरळ नसतं. थांबणं, वळणं, उडी, धक्का आणि पुन्हा वेग असं दीड तास चालतं, आणि नाडी सरासरीने कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. त्याच्या भोवती आठवडाभराचा सराव, जिम, फिजिओचं टेबल, बर्फ, प्रवास. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला गेला तेव्हा तो सरासरी ३,५०० किलोकॅलरींच्या थोडा वर भरला. पंधरा-सोळाव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंत शरीराला हेच ठाऊक असतं. मग हंगाम संपतो, करार संपतो आणि आठवड्याभरात हे सगळं शून्यावर येतं.

निवृत्तीचं दुःख म्हणजे टाळ्या गेल्याचं दुःख, असा बाहेरच्यांचा समज असतो. बहुतेक खेळाडूंच्या वाट्याला टाळ्या बेताच्याच आलेल्या असतात. खरा त्रास देतं ते हे एकदम थांबणं. प्री-सीझनला, म्हणजे हंगामाआधीच्या तयारीला, आपण सहा आठवड्यांचा तक्ता करतो, कुठल्या दिवशी किती मीटर हेही त्यात लिहिलेलं असतं. खेळ सोडताना कोणाच्याच हातात तक्ता नसतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर टाकत नाहीत, गिअरमध्येच ठेवतात. खेळाडूच्या शरीराचं आणि त्याच्या दिवसाचंही तसंच आहे, असं माझं पक्कं मत आहे, आणि पुढचं सगळं त्याच मतातून आलेलं आहे.

आधी दम. सराव थांबल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण कमी होतं, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि त्याच चढाला नाडी जास्त पळते. स्नायूंच्या पेशींमधली ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणा नंतरच्या आठवड्यांत ढिली पडते. १९८४ साली सहनशक्तीच्या खेळांतल्या कसलेल्या खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी उतरली आणि साधारण आठ आठवड्यांनंतर १६ टक्के खाली स्थिरावली. ताकद थोडी उशिरा जाते, पहिला महिना ती बऱ्यापैकी टिकून राहते. म्हणूनच खेळाडू फसतो. आरशात मांड्या तशाच दिसतात, जिना चढताना मात्र धाप लागते.

उतरण आखायची तर एक नियम हाताशी ठेवावा: सरावाचे दिवस आणि वेळ कमी केली तरी चालते, तीव्रता पूर्ण सोडू नये. १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत आठवड्याचे सहा दिवस कमी करून दोनवर आणले तरी दम पंधरा आठवडे टिकला, कारण त्या दोन दिवसांचा जोर तेवढाच ठेवला होता. जोर कमी केला तेव्हा मात्र दिवस तेवढेच असूनही दम उतरला.

त्यावरून बारा आठवड्यांची उतरण अशी बसवता येते. पहिले दोन आठवडे चेंडूला हात-पाय काहीही लावू नये. रोज ३० ते ४० मिनिटं चालणं किंवा सायकल, बोलता येईल इतक्याच वेगाने. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात चार सत्रं: दोन वजनांची, एक तासाभराचं सावकाश, आणि एक जोराचं. जोराच्या सत्रात दहा मिनिटं अंग गरम करून मग चार मिनिटं कमाल नाडीच्या ९० टक्क्यांच्या आसपास, तीन मिनिटं हलकं, अशा चार फेऱ्या. गुडघा किंवा घोटा कुरकुरत असेल तर हे सायकलवर किंवा रोइंग मशीनवर करावं. हृदयाला त्याने फरक पडत नाही, सांध्याला पडतो. सातव्यापासून बाराव्यापर्यंत सावकाश सत्राच्या जागी रोजचं चालणं आणावं. शेवटी दोन वजनांची सत्रं, एक जोराचं आणि रोजचं चालणं एवढं उरतं, आणि ते कायमचं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. ते सगळं यात सहज बसतं.

इथे सर्वांत जास्त वेळा बिघडतं ते असं: तीन महिने काहीच करायचं नाही, मग आरशाने टोचलं की थेट डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर. फुटबॉलमध्ये पाय दर काही सेकंदांनी वेगळ्या कोनात पडतो. रस्त्यावर तोच पाय, त्याच कोनात, हजारो वेळा पडतो. तोवर वजन वाढलेलं असतं आणि पोटरीच्या कंडराची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची, सहनशक्ती कमी झालेली असते. नडगीचं दुखणं, पोटरीचा ताण, टाचेच्या वरचा अकिलिस सुजणं, सगळं याच वळणावर भेटतं. धावायचंच असेल तर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं असं वीस मिनिटांपासून, मऊ जमिनीवर, आठवड्यात तीनदा, दोन सत्रांमध्ये एक मोकळा दिवस ठेवून सुरू करावं. पस्तीस वर्षांच्या माजी व्यावसायिकाला हे अपमानास्पद वाटतं. कंडरांना तुमची कारकीर्द माहीत नसते.

खाण्याचा हिशेब तर सरळ बेरजेचा आहे. खर्च दिवसाला हजार किलोकॅलरींनी खाली आला आणि भूक तिथेच राहिली, तर शरीरातला एक किलो जादा जमायला आठ-दहा दिवस पुरतात. प्रत्यक्षात भूक थोडी उतरते, पण उशिरा आणि अपुरी. कापायचं ते पिष्टमय पदार्थांमधून, कारण ते सामन्याच्या इंधनासाठी वाढवलेले होते. प्रथिनं कापू नयेत, नाहीतर स्नायू जातो. ८० किलोच्या माणसाने दिवसाला १०० ते १२५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं ठेवावीत, मूत्रपिंडाचा विकार नसेल तर. स्पोर्ट्स ड्रिंक पहिल्याच दिवशी बंद. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते आणि ती फक्त मैदानावरच कामाची होती.

आता गुडघा. यावर जरा थांबणं भाग आहे, कारण निवृत्त फुटबॉलपटूंच्या दुखण्यांतलं हे सर्वांत मोठं प्रकरण आहे. ब्रिटनमधल्या माजी व्यावसायिक पुरुष खेळाडूंची तिथल्या सर्वसाधारण पुरुषांशी तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघेदुखी खेळाडूंमध्ये ५२ टक्के, इतरांमध्ये २७. एक्स-रेवर दिसणारी सांध्याची झीज ६४ विरुद्ध ३५. सांधा बदलावा लागलेले जवळपास ११ विरुद्ध ४. धावण्याने गुडघे झिजतात असा अर्थ यातून काढला जातो, तो चुकीचा आहे. झिजेचा सर्वांत मोठा वाटा दुखापतींचा असतो: एसीएल हा गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटणं, मेनिस्कस फाटणं, आणि जुन्या काळी सर्रास केलेली मेनिस्कस काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. मेनिस्कस ही मांडीच्या आणि नडगीच्या हाडामधली भार पसरवणारी गादी आहे. ती गेली की तोच भार छोट्या जागेवर येतो आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, दहा-पंधरा वर्षांत खरवडली जाते.

कूर्चेला नसा नसतात, रक्तवाहिन्याही नसतात. त्यामुळे ती झिजताना दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा खालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि सूज बोलत असतात. कूर्चेला पोषण मिळतं ते दाबातून आणि सुटण्यातून, सांध्यातला द्रव आत-बाहेर होऊन. म्हणून दुखऱ्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती हा उपाय ठरत नाही, आणि निवृत्त खेळाडू नेमका तोच करतात. गुडघा वापरणं सोडलं की मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो, सांध्याला येणारा धक्का शोषणारं कोणी उरत नाही, दुखणं वाढतं, मग वापर आणखी कमी. हे चक्र तोडायला मांडी, पोटरी आणि खुब्याची ताकद लागते, आयुष्यभर.

सुरुवात खुर्चीपासून करावी: हात न टेकवता बसणं-उठणं, १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या, खाली जाताना तीन सेकंद. ते सहज जमू लागलं की १५ ते २० सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायाने चढणं आणि सावकाश उतरणं. इथे आरशासमोर बघावं: गुडघा आत वळत असेल तर खुब्याच्या बाजूचा स्नायू कमी पडतोय, पायरी कमी उंच करावी आणि घोट्याभोवती रबर बँड बांधून आडवं चालणं १५-१५ पावलं जोडावं. वाकवताना गुडघा फार दुखत असेल तर भिंतीला पाठ टेकवून अर्ध्या बैठकीत ४५ सेकंद थांबणं, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. स्थिर धरलेला ताण दुखऱ्या कंडराला बहुतेक वेळा सोसतो. पोटरीसाठी टाचा उचलणं १५ वेळा तीन फेऱ्या, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, कारण दोन्ही स्थितींत वेगळा स्नायू राबतो. बारा वेळा आरामात होऊ लागलं की वजन वाढवायचं आणि संख्या आठवर आणायची. वजन न वाढवता महिनोन् महिने तेच करत राहणं ही इथली नेहमीची गफलत.

सायकलची सीट बहुतेकांची फार खाली असते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला हवा. त्यापेक्षा जास्त वाकत असेल तर गुडघ्याच्या वाटीच्या मागचा दाब वाढतो आणि माणूस म्हणतो सायकल मला सोसत नाही.

दुखण्याचं मोजमाप असं ठेवावं: शून्य ते दहामध्ये व्यायाम करताना चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा जास्त नको. गुडघा सुजला तर भार जास्त झाला, वाद नाही. सुजेला कमी लेखू नये. सांध्यात पाणी साचलं की मज्जातंतूंकडून मांडीच्या स्नायूला मिळणारी आज्ञाच कमी होते आणि जोर लावूनही स्नायू पुरता आखडत नाही. सूज उतरेपर्यंत फेऱ्या निम्म्या कराव्यात, बंद करू नयेत. आणि वजन: सांधेझीज असलेल्या जाड व्यक्तींवरच्या मोजणीत दिसलं आहे की शरीराचं एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. दिवसाच्या पावलांना ते गुणून बघावं.

वेदनाशामक गोळ्यांची सवय हा या खेळाचा फार जुना रोग आहे. २०१० च्या विश्वचषकात ३९ टक्के खेळाडूंनी प्रत्येक सामन्याआधी वेदनाशामक घेतल्याची नोंद आहे. निवृत्तीनंतर सामना उरत नाही, गोळी उरते. इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिन्हींवर त्यांचा भार पडतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचंही तसंच. गुडघ्याची झीज असलेल्या रुग्णांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी हे इंजेक्शन देऊन २०१७ मध्ये निष्कर्ष छापले गेले: मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा वेदनेत फरक नाही आणि कूर्चा मात्र जास्त झिजली. सुजेच्या एखाद्या उद्रेकाला ते वापरणं वेगळं, कॅलेंडर लावून घेणं वेगळं.

घोट्याकडे फार कमी लक्ष जातं. नेदरलँड्सचा स्ट्रायकर मार्को व्हान बास्टेनचा शेवटचा सामना १९९३ मधला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. पुढची दोन वर्षं घोटा दुरुस्त होण्याची वाट बघण्यात गेली आणि १९९५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. अर्जेंटिनाच्या गाब्रिएल बातिस्तुताने तर खेळ सोडल्यावर घोट्यांच्या वेदनेला कंटाळून डॉक्टरांकडे पाय कापून टाकायची मागणी केली होती, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. वारंवार मुरगळलेल्या घोट्याच्या पुढच्या बाजूला हाडाचे छोटे उंचवटे वाढतात आणि पाऊल वर वळेनासं होतं. घरी तपासायचं तर भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती मागे नेता येतो ते मोजायचं. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, किंवा एका पायाला दहा सेंटिमीटरही गाठता येत नसतील, तर तो पाय आपली कमतरता गुडघ्यावर आणि कंबरेवर ढकलत असणार.

क्लब सोडण्याआधी एक काम न चुकता करावं: आपली सगळी वैद्यकीय फाइल मागून घ्यावी. एमआरआयच्या नुसत्या अहवालांऐवजी मूळ प्रतिमा घ्याव्यात. शस्त्रक्रियेच्या नोंदी, कुठल्या धातूचे स्क्रू किंवा पट्ट्या बसवल्या ते, इंजेक्शनांच्या तारखा आणि औषधांची नावं, डोक्याला मार लागल्याच्या नोंदी, आणि ईसीजी व इको (हृदयाची सोनोग्राफी). स्क्रूची माहिती वीस वर्षांनी सांधा बदलणाऱ्या सर्जनला लागते. ईसीजीचं कारण वेगळं आहे. कसलेल्या खेळाडूचं हृदय थोडं मोठं असतं, विश्रांतीची नाडी चाळिशीत असू शकते आणि ईसीजीवर इतरांत विकृती ठरतील अशा काही खुणा दिसतात. नव्या डॉक्टरपुढे जुना ईसीजी नसेल तर एकतर तो घाबरतो, नाहीतर खेळाडू आहे म्हणून खरा आजार सोडून देतो. सराव कमी झाल्यावर हृदयाच्या भिंतींची जाडी हळूहळू उतरायला हवी. ती उतरत नसेल तर हृदयरोगतज्ज्ञाने पुन्हा बघायलाच हवं. वर्ष-दोन वर्षांनंतर ही कागदपत्रं मिळवणं फार जड जातं. डॉक्टर बदललेले असतात, संगणक बदललेले असतात.

डोक्याचा विषय टाळण्याची खेळात जुनी रीत होती, आता ती चालणार नाही. इंग्लंडचा माजी स्ट्रायकर जेफ ॲसल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला तेव्हा मृत्यूचौकशीत कारण व्यवसायजन्य आजार असं नोंदवलं गेलं. चेंडू डोक्याने मारण्याचा तो परिणाम होता. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिकांच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी झालेले मृत्यू सर्वसाधारण लोकांच्या साडेतीन पट होते. २०२१ मधल्या पुढच्या विश्लेषणात धोका जागेप्रमाणे बदलताना दिसला: बचावपटूंमध्ये सर्वांत जास्त, जवळपास पाच पट, आणि गोलकीपरांमध्ये सामान्य लोकांइतकाच. त्याच नोंदींनी दुसरी बाजूही दाखवली. हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने हे खेळाडू कमी मेले, आणि सत्तरीपर्यंत त्यांचा एकूण मृत्यूदर इतरांपेक्षा कमी होता.

खेळातले नियम त्यानंतर हलले. अमेरिकेने २०१५ मध्येच दहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांचं हेडिंग, म्हणजे चेंडू डोक्याने मारणं, बंद केलं होतं. इंग्लंडने २०२१-२२ च्या हंगामापासून सरावातले जोराचे हेडर आठवड्याला दहावर आणले. निवृत्त खेळाडूच्या हातात याहून साधी गोष्ट आहे: हेडिंग पूर्ण सोडायचं. मुलांना शिकवतानाही कडेवरून उंच येणारा क्रॉस हाताने पकडून दाखवता येतो.

चाळिशीत नाव आठवेना, शब्द सापडेना, चिडचिड वाढली की माजी सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, थेट सर्वांत वाईट निदानावर उडी मारतो. त्या वयात अशा तक्रारींमागे बहुतेकदा झोपेचा अभाव, नैराश्य, दारू, घोरण्यातून तुटणारी झोप किंवा कमी झालेलं ऐकू येणं असतं, आणि या सगळ्यांवर उपाय आहेत. मारांमुळे होणाऱ्या मेंदूच्या त्या विशिष्ट आजाराचं, सीटीईचं, पक्कं निदान आज तरी मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. जिवंतपणी तसं छातीठोक सांगणाऱ्यापासून सावध राहावं. न्यूरॉलॉजिस्टकडे जावं, डोक्याच्या मारांची यादी सोबत न्यावी, स्मरणशक्तीची एक चाचणी आता करून ठेवावी म्हणजे पाच वर्षांनी तुलनेला आधार मिळतो. रक्तदाब मात्र आजच मोजावा. मेंदूसाठी आपल्या हातात असलेल्या गोष्टींत तो फार वर आहे.

मनाबद्दल. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, फिफप्रोने, २०१५ मध्ये जो अभ्यास समोर आणला त्यात खेळत असलेल्यांपैकी ३८ टक्के आणि माजी खेळाडूंपैकी ३५ टक्के जणांनी नैराश्य किंवा चिंतेची लक्षणं सांगितली होती. म्हणजे निवृत्तीने हा प्रश्न जन्माला येत नाही, तो आधीपासूनच ड्रेसिंग रूममध्ये बसलेला असतो. मोठ्या दुखापती जास्त झालेल्यांमध्ये तो जास्त आढळतो. निवृत्तीनंतर फक्त झाकण निघतं. वीस वर्षं कधी उठायचं, काय घालायचं, काय खायचं, बस किती वाजता, हे दुसऱ्या कोणी ठरवलेलं असतं. मोकळ्या दिवसाचा आनंद तीन-चार आठवडे टिकतो. मग अकरा वाजेपर्यंत झोप, दुपारी स्क्रीन, रात्री दोनपर्यंत जागं, आणि ज्या वेळी पूर्वी सामना सुरू व्हायचा त्या वेळी छातीत उगाच धडधड.

इथेही तक्ता चालतो, आणि तो लहान असावा. उठण्याची एकच वेळ, सुट्टीच्या दिवशीही तीच. व्यायाम एकट्याने न करता कोणाबरोबर तरी, कारण समोर माणूस उभा असला की जावं लागतं. आणि आठवड्यात किमान तीन दिवस असं काम, जिथे आपण गेलो नाही तर कोणाचं तरी अडेल. पैसे मिळोत किंवा न मिळोत. दुपारी दोननंतर कॉफी नको. कॅफिनचा निम्मा अंश रक्तातून जायला साधारण पाच तास लागतात आणि सामन्याआधी घ्यायच्या सवयीचा डोस मोठा असतो. सामन्याच्या दिवसांची संध्याकाळ पहिल्या वर्षी रिकामी ठेवू नये. सलग दोन आठवडे मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, झोप किंवा भूक बिघडली, तर डॉक्टरांकडे जावं, आणि जीव नकोसा वाटण्याचा विचार आला तर त्याच दिवशी. ज्याचं खेळणं दुखापतीने तुटलं त्याला हे जास्त लागू आहे, कारण त्याला निरोपाचा हंगामच मिळालेला नसतो. संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नये, पण तिथे संघात कोण आहे याच्या याद्या येतात तो ग्रुप वेगळा असतो, तो सोडावा. सहकाऱ्यांनी माजी खेळाडूला महिन्यातून एकदा फोन केला तर त्याचं मोल फार मोठं असतं, हे अजून खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कामाकडे वळायचं तर शेवटच्या दोन-तीन हंगामांतच वळावं. बेल्जियमचा बचावपटू व्हँसाँ कोम्पानीने मँचेस्टर सिटीचा कर्णधार असतानाच एमबीए पुरं केलं. नेदरलँड्सचा गोलकीपर एडविन व्हान देर सार २०११ मध्ये थांबला, क्रीडा व्यवस्थापन शिकला आणि ॲमस्टरडॅमच्या आयॅक्स क्लबचा कारभार पाहू लागला. सरावाचा दिवस दुपारपर्यंत संपतो. ते तास नंतर पैसे देऊनही मिळत नाहीत.

बहुतेकांचा कल कोचिंगकडे असतो. युरोपात सी, बी, ए आणि प्रो अशी लायसन्सची चढती पायरी आहे, आशियातही जवळपास तशीच. लायसन्स मिळवण्यापेक्षा अवघड काम वेगळंच आहे. जे आपल्या शरीराला येतं ते आपल्याला सांगता येत नाही. आपल्या बचावफळीकडून आलेला पास घेऊन पुढे वळणं, हेच उदाहरण घ्या. खेळाडू म्हणेल, "घ्यायचा आणि वळायचं." मुलाला त्याचे तुकडे लागतात: पास सुटण्याआधी खांद्यावरून मागे एकदा नजर, शरीर अर्धं उघडं, म्हणजे पास देणारा आणि प्रतिस्पर्ध्याचा गोल दोन्ही दिसतील असं, चेंडू दूरच्या पायावर. हे शिकवायला आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध एक असा रोंडो लावावा, म्हणजे कडेच्या चौघांनी पास देत चेंडू राखायचा आणि आतल्या एकाने तो हिसकावायचा, आणि पास जवळच्या पायावर घेतला तर चेंडू आतल्याला द्यायचा, एवढा एकच नियम ठेवावा. माजी खेळाडू कोच म्हणून घसरतात ते तीन जागी: दर मिनिटाला खेळ थांबवून बोलणं, आपल्या काळाचं उदाहरण देणं, आणि न राहवून थंड अंगाने स्वतः चौकोनात उतरणं. तिसऱ्यात हॅमस्ट्रिंग, मांडीच्या मागचा स्नायू, जातं.

रेफरी होण्याचा विचार फार कमी जण करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. खेळाचा वेग आणि फाउलमागचा हेतू ओळखणारी नजर माजी खेळाडूकडे तयार असते. उरतात ते सतरा नियम, आणि ते खेळाडूंना आपल्याला वाटतं त्याहून कमी माहीत असतात. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो हे विसरणारे व्यावसायिक असतात. शिवाय शरीराला लक्ष्य मिळतं. आंतरराष्ट्रीय पुरुष रेफरींच्या चाचणीत ४० मीटरच्या सहा धावा प्रत्येकी सहा सेकंदांच्या आत, आणि मग ७५ मीटर १५ सेकंदांत धावून २५ मीटर १८ सेकंदांत चालणं, असं चाळीस वेळा.

राहिला तो पुन्हा खेळण्याचा प्रश्न. खेळावं, जरूर खेळावं. छोट्या मैदानावरचा पाच विरुद्ध पाच खेळ तासभर, आठवड्यातून दोनदा, हा रक्तदाब, दम आणि हाडं तिन्हींसाठी उत्तम व्यायाम आहे, हे कोपनहेगनमधल्या संशोधकांनी अनेक गटांवर दाखवलं आहे. पण पस्तिशीनंतर अचानक मैदानावर कोसळण्यामागचं मुख्य कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा असतं. कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब आणि ईसीजी बघितल्याशिवाय वर्षभराच्या खंडानंतर सामन्यात उतरू नये, आणि छातीत दाब किंवा खेळताना चक्कर आली तर तो सामना तिथेच संपवावा. ताप असताना तर नाहीच.

सामन्याआधी फिफा ११+ हा वॉर्म-अप करावा: आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, दोन मिनिटं वेगाचं धावणं. हौशी सामन्यात लोक येतात, दोन शॉट मारतात आणि सुरू होतात; अकिलिस तुटण्याचे प्रकार तिशी-चाळिशीच्या हौशी पुरुषांत सर्वांत जास्त दिसतात, ते उगाच नाही. पाठीमागून कोणी लाथ मारली असं वाटून वळावं आणि मागे कोणीच नसावं, हे त्याचं नेहमीचं लक्षण. अशा वेळी चालता येतंय म्हणून घरी जाऊ नये; पालथं झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हललं नाही तर कंडरा तुटलेला आहे. कृत्रिम गवतावर लांब ब्लेडचे बूट घालू नयेत. ते गवतात अडकतात, पाऊल जागेवर राहतं आणि गुडघा फिरतो. आखूड रबरी टोकांचे टर्फ शूज घ्यावेत.

ज्यांचा गुडघा धावण्याला राजी नाही त्यांच्यासाठी चालत खेळायचं फुटबॉल आहे. इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डमध्ये २०११ च्या सुमारास ते सुरू झालं. धावलं की फ्री किक, अंगाला धक्का नाही, चेंडू डोक्याच्या उंचीवर गेला तर समोरच्या संघाला. सुरुवातीला वेग सोडणं जड जातं, कडेने धावत आलेला जुना विंगर पहिल्या अर्ध्या तासात चार-पाच फ्री किक देतो. हळूहळू लक्षात येतं की धावता येत नसल्यामुळे पास मिळण्याआधी जागा शोधावी लागते, पहिला स्पर्श चुकला तर मागे पळून तो सावरता येत नाही, आणि आयुष्यभर मिडफिल्डमध्ये खेळलेली माणसं इथे साठीतही सर्वांना भारी पडतात.